घरच्या सरपणाला वायरचा चेनसॉच घ्या

फाल्गुन लागला की आमच्या दापोलीकडे दोन कामं एकदम अंगावर येतात: आंब्याची राखण आणि पावसाळ्याची बेगमी. मृगाच्या आधी सरपण कापून, फोडून, वाळवून पडवीत रचलेलं हवं. ते राहिलं तर श्रावणात ओलं लाकूड फुंकत, धुराने डोळे चोळत बसायची पाळी येते. घरोघर गॅस आला, पण आंघोळीचं पाणी आमच्याकडे अजून चुलीवरच तापतं आणि कार्याच्या घरी भाताचं भांडं चुलीवरच चढतं. त्यामुळे लाकूडफाटा सुटलेला नाही, सुटणारही नाही.

गेल्या काही वर्षांत वाडीवाडीत पेट्रोलचे चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीच्या करवती, आले. ५८ सीसीचं बिनकंपनीचं मशीन पाच-सहा हजारांत मिळतं, वायरवर चालणारं इलेक्ट्रिक मशीनही साधारण तेवढ्यातच बसतं. किंमत सारखीच म्हटल्यावर माणसं ताकद बघतात आणि पेट्रोलचं उचलतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याला रानात जाऊन झाडं पाडायची आहेत त्याने पेट्रोलचं घ्यावं. ज्याला परसात आणून टाकलेले काजूचे, आकेशियाचे, आंब्याच्या वाळक्या फांद्यांचे ओंडके चुलीच्या मापाने कापायचे आहेत, त्याने वायरचं घ्यावं. यातलं पहिलं कारण आवाज.

आवाजाबद्दल बोललं की ‘हे शहरातले लाड’ असं ऐकायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. सरपणाचा हंगाम म्हणजे फेब्रुवारी ते मे, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या त्यातच. एका वाडीत तीन घरी मशीन सुरू असतील तर पोराने अभ्यास करायचा कुठे? अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं दुपारी जेमतेम डोळा लावतात. म्हैस दचकली की पान्हा चोरते, हे ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्यांना सांगायला नको. शिवाय याच दिवसांत पाखरं घरटी करतात. भर उन्हात तांबटाचं टुक टुक चाललेलं असतं, त्यावरून दुपार कळते. पेट्रोलचं मशीन सुरू झालं की ते सगळं नाहीसं होतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे. पेट्रोलचा चेनसॉ चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. वायरचं मशीन त्याहून साधारण दहा डेसिबलने खाली असतं. आकडा छोटा वाटेल, पण दहा डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहा पटीने कमी.

वायरचं मशीन मुकं नसतं, हेही सांगते. चेन लाकडात शिरली की करकर होतेच आणि कानात बोळे घालावेच लागतात. खरा फरक दोन कापांच्या मध्ये आहे. पेट्रोलचं इंजिन ओंडका सरकवताना, पाणी पिताना, बोलताना भडभडतच असतं, कारण दर वेळी बंद करून पुन्हा दोरी ओढायचा कंटाळा येतो. इलेक्ट्रिकचं बटण सोडलं की मोटर थांबते. पाच-सात सेकंद काप, मग शांतता, मग पुन्हा काप. तासाभराच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ वाडीत काहीच आवाज नसतो. धूर नाही, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापाने मिसळायची कटकट नाही. आणि दोरी ओढायची नसल्यामुळे हे काम बायकांच्या हातात येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्याकडे निम्म्या घरांत कर्ते पुरुष मुंबईला आहेत. चार ओंडके कापायला कटरवाल्याची वाट बघत आठवडा घालवण्यापेक्षा मी स्वतः कापते.

आता काय बघून घ्यावं ते. चेन जिच्यावर फिरते ती पट्टी १६ इंची असली की घरच्या सरपणाला भरपूर झाली, १४ इंचीही चालते. वॅटच्या आकड्याला भुलू नका. स्वस्त मशीनवर २५००, ३००० असे आकडे छापलेले असतात. माकिता कंपनीचं १६ इंची मशीन १८०० वॅटचं आहे, स्टील (Stihl) कंपनीचं लहान मशीन १४०० वॅटचं, आणि दोन्ही लाकूड व्यवस्थित कापतात. ती महाग पडतात म्हणून मी प्रत्येकाला घ्या म्हणत नाही. पण स्वस्तातलं घेताना चार गोष्टी हाताने तपासा. पुढच्या दांड्याजवळची ढाल पुढे ढकलली की मशीन बंद होतं का? बटणाबरोबर दुसरी कळ दाबल्याशिवाय ते सुरू तर होत नाही ना? पट्टीला तेल आपोआप जातं का? आणि त्या मापाची चेन त्याच दुकानात सुटी मिळते का? चौथ्याचं उत्तर ‘मागवावी लागेल’ असं आलं तर मी ते मशीन घेणार नाही.

बॅटरीच्या छोट्या चेनसॉच्या जाहिराती सध्या मोबाइलवर सारख्या येतात. चार-सहा इंची पट्टी, एका हातात धरायची. कुंपणाच्या फांद्या छाटायला ते छान आहे, सरपणाला नाही. हिशोब साधा आहे. २० व्होल्ट आणि ४ अँपियर-तासाची बॅटरी म्हणजे ८० वॅट-तास. लाकडात हजार वॅट खेचले तर पाच मिनिटांत संपली. त्या मशीनवर ४८, ८८ असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, पण बॅटरी उघडली तर बहुतेक वेळा आत पाच सेल ओळीने जोडलेले निघतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे पाचांचे २१. छापलेला आकडा काहीही असो.

मशीनवर वाचवलेले पैसे वायरवर घाला, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपियर घेतं. टीव्ही-मिक्सरच्या लहान सॉकेटचं ते काम नाही, गीझरचं लागतं ते १६ अँपियरचं सॉकेट हवं. घरापासून परसापर्यंत वायर ओढायची तर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, तीन तारांची, अर्थिंगसकट घ्या. बाजारातल्या तयार एक्स्टेंशनची बारीक वायर तापते, त्यातून गुंडाळी न सोडता वापरली तर आतल्या आत वितळते. गावात संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. त्यात बारीक वायर जोडली की मोटर कण्हते, गरम होते, आणि मग मशीनच्या नावाने बोटं मोडली जातात. काम सकाळी करा. घरात करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या. वायर उजव्या खांद्यावरून मागे टाका, म्हणजे चेनच्या वाटेत येत नाही. पाऊस भुरभुरला तरी काम बंद.

धारेचं एवढंच लक्षात ठेवा की आमची लाल माती चेनची वैरी आहे. ओंडका जमिनीवर ठेवून कापला आणि खाली चेन एकदा जांभ्याला टेकली की धार गेलीच. लाकडाच्या दोन कैच्या, म्हणजे फुलीसारखे टेकू, ठोकून त्यावर ओंडका ठेवा, कंबरही वाचते. धार शाबूत असेल तर पोह्यांसारखे चपटे तुकडे उडतात, पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा आणि कानस मारा. लहान मशीनच्या चेनला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, पण चेनच्या पाकिटावर बघून घ्या. प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, नाहीतर काप एका बाजूला वळतो. नवी चेन पहिल्या तासात सैल पडते, ती ताणून घ्या, मात्र हाताने ओढून पट्टीवर फिरली पाहिजे. तेलाच्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतू नका. ते उडून परसात पडतं, आणि त्याच परसात आपली अळू, मिरची असते.

पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकवायचा नाही. तिथून मशीन उसळून तोंडावर येतं, आणि इलेक्ट्रिक म्हणून ते हळू येत नाही. गळ्यात पंचा, ओढणी, मोकळा पदर नको. पायात चपला नकोत. डोळ्यांना चष्मा हवा. हे सगळं मिळून हजार रुपयांचं सामान आहे, ते मशीनच्या किमतीतच धरा.

काय कापता तेही बघा. घरी मशीन आलं की हात शिवशिवतात आणि बांधावरच्या झाडाकडे नजर जाते. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस अशी झाडं त्याच्या यादीत येतात आणि स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सरपणाला वाळकं आणि पडलेलं पुरतं.

‘वीज गेली तर काय?’ हा प्रश्न इकडे पहिला येतो आणि तो रास्त आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात झाडं आडवी झाली आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या वेळी रस्ते मोकळे झाले ते पेट्रोलच्या मशीनमुळे. म्हणून गावाकडे, ग्रामपंचायतीत किंवा मंडळात, एक चांगलं पेट्रोलचं मशीन असावं आणि ते चालवणारी दोन शिकलेली माणसं असावीत. त्यासाठी वर्गणी काढायची असेल तर पहिली पावती माझ्या नावाची फाडा. परसातल्या ओंडक्यांना मात्र घराघरात ते इंजिन नको.

आमच्या वाडीत कोणाला घ्यायच्या आधी हातात धरून बघायचं असेल, तर सकाळी आठ ते दहा आमच्याकडे काम चालू असतं. आपलं एक लाकूड घेऊन या आणि कापून बघा.