बीआरएम, ऑफिस आणि इन्सुलिनचे पैसे

पावसाळा संपत आला की आमच्या सायकल ग्रुपवर दोन विषय निघतात. यंदा कुणासाठी पैसे गोळा करायचे, आणि नोकरी सांभाळून बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत २०० ते ६०० किलोमीटर पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडचा, सराव करायचा कधी. या दोन्हींबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सराव. मी पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला ऑफिसला सायकलने जाते. जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर, त्यात चांदणी चौकाचा चढ. ग्रुपमधली काही मंडळी याला सराव धरतच नाहीत. जागोजागी सिग्नल, मागे पॅनिअरमध्ये (कॅरिअरला अडकवायच्या पिशवीत) लॅपटॉप, डबा आणि बदलायचे कपडे, मग वेग काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. पण बीआरएममध्ये वेग विचारतंय कोण? वेळेची मर्यादा २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. जेवण, पंक्चर, झोप, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घेणं, सगळं धरून ताशी पंधराच्या आसपास सरासरी पडली तरी काम होतं. तिथे माणूस टिकतो तो वेगळ्याच गोष्टींवर. वारा समोरून असला तरी सीटवर बसून पाय चालू ठेवणं. कालच्या दुखऱ्या मांड्या घेऊन आज पुन्हा निघणं. अंधारात खड्डा ओळखणं. पावसात ब्रेक पॅड किती झिजलेत ते लिव्हर दाबल्यावर बोटांना कळणं. ऑफिसचा रस्ता हे सगळं रोज शिकवतो, आणि घरच्यांच्या वाट्याचा वेळ त्यासाठी मोडावा लागत नाही.

लांबची राईड लागतेच, हे मान्य. सहा-सात तास बसल्याशिवाय पोटाला काय पचतं, केळं की चिक्की की नुसतं इलेक्ट्रोलाइट, हे कळत नाही. पण पाया आठवडाभर पडत असेल तर दर रविवारी लोणावळा गाठायची गरज उरत नाही. विशेषतः ज्या बायकांना रविवारची अख्खी सकाळ घराबाहेर काढणं जड जातं, त्यांना मी हेच सांगते.

आता पैशांबद्दल. आम्ही टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मदत गोळा करून देतो. गोड खाऊन हा आजार होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं, दिवसातून बहुधा तीन-चार इंजेक्शनं, आणि तेही आयुष्यभर. शिवाय साखर तपासायच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, सुया. हातावर पोट असलेल्या घरात महिनाअखेरीला इन्सुलिन पुरवून पुरवून वापरलं जातं, आणि डोस चुकले की काही दिवसांत नव्हे, काही तासांतसुद्धा मूल अत्यवस्थ होऊ शकतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. फ्रिज नसलेल्या घरांत एकात एक ठेवलेल्या मातीच्या दोन भांड्यांच्या मधल्या जागेत ओली वाळू भरून ते थंड ठेवतात. १९२३ साली ज्यांनी इन्सुलिनचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, त्यांना हे औषध सगळ्यांपर्यंत पोचायला हवं होतं. शंभर वर्षांनंतरही एखाद्या आईला सुईतल्या युनिटांचा असा हिशेब करावा लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणूनच आमची पैसे मागायची पद्धत बदलावी, असं मी ग्रुपवर मांडतेय. सध्या आपण मोठ्या राईडच्या आठवड्यात ‘किलोमीटरमागे इतके रुपये’ असं आवाहन करतो. लोक उत्साहाने देतात, फोटो येतात आणि विषय वर्षभरासाठी संपतो. मुलांचा खर्च मात्र दर महिन्याचा आहे. एकदाच पाच हजार देणाऱ्यापेक्षा महिन्याला दोनशे रुपये न चुकता देणारा माणूस संस्थेला जास्त उपयोगी पडतो, कारण त्या भरवशावर पुढच्या महिन्याची खरेदी ठरवता येते. आणि असं महिन्याच्या महिन्याला मागायचं तर मागणाराही रोज दिसायला हवा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझी सायकल बघूनच लोक विचारतात, ‘ते मुलांचं काम कुठवर आलं?’ ६०० किलोमीटरच्या फोटोखाली हा प्रश्न मला कधी आला नाही.

सायकल आणि हा आजार यांचं नातंही जुनं आहे. २००७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या अमेरिका आडवी ओलांडायच्या सायकल शर्यतीत आठ जणांच्या गटात ‘टीम टाइप १’ जिंकली, आणि त्यातल्या आठही जणांना टाइप १ मधुमेह होता. आज ‘टीम नोवो नॉर्डिस्क’ हा सगळे मधुमेही सायकलपटू असलेला व्यावसायिक संघ आहे. नव्याने निदान झालेल्या मुलाच्या पालकांना मी हे आवर्जून सांगते, कारण ‘आता याला खेळू द्यायचं नाही का?’ हीच त्यांची पहिली भीती असते. साखर तपासत, सोबत खायला ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळायचं. खेळ बंद करायचा नाही.

कंपन्यांनाही एक विनंती. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावे लागतात, आणि त्यातून आमच्यासारख्यांना मदत मिळते, त्याबद्दल आभार. पण त्याखेरीज ऑफिसात एक न्हाणीघर आणि सायकलला कुलूप लावायला छताखालची जागा द्या. घामाच्या कपड्यांत मीटिंगला बसावं लागेल या एका कारणाने सायकल सोडून दिलेली कितीतरी माणसं मला माहीत आहेत.

यंदाची एन्ट्री फी, प्रवास, टायर-ट्यूब हा सगळा खर्च माझा मी करणार आहे. देणगी थेट संस्थेच्या खात्यात भरायची आणि पावती त्यांच्याकडूनच घ्यायची. माझ्या खात्यावर कुणीही काही पाठवू नका. ज्यांना महिन्याची रक्कम सुरू करायची असेल त्यांनी मेसेज करा, संस्थेची माहिती पाठवते. आणि कोथरूडकडून हिंजवडीला सायकलने जायचं मनात असेल पण एकट्याने चांदणी चौक ओलांडायची धास्ती वाटत असेल, तर तेही कळवा. सुरुवातीचे काही दिवस आपण बरोबर जाऊ.