ते वाक्य मर्लिन मन्रोचं नाही

मर्लिन मन्रोच्या फोटोखाली ‘सालस बायका क्वचितच इतिहास घडवतात’ हे वाक्य पुन्हा ग्रुपवर फिरतंय. ते तिचं नाही. इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिच यांनी ते १९७६ साली ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ या अभ्यासपत्रिकेतल्या लेखात लिहिलं, मन्रो १९६२ मध्येच वारली होती. शिवाय ते वाक्य म्हणजे बंडाची हाक वगैरे मुळीच नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या देवभीरू प्युरिटन (कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाच्या) बायका इतिहासातून गळाल्या, हे उलरिच यांना सांगायचं होतं. पुढे त्यांनी तिथल्याच मेन राज्यातल्या मार्था बॅलर्ड या सुईणीची २७ वर्षांची रोजनिशी पिंजून काढली: हवामान, विणकाम, ८१६ बाळंतपणं. आधीच्या अभ्यासकांना ती रटाळ वाटली होती! त्याच कामाला १९९१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मन्रोवाली पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर त्याच ग्रुपवर उलरिच यांचं नाव टाका.