पस्तीस का आलं?

‘चौथीपर्यंत कोणीही शिकवू शकतं. वजाबाकी शिकवायला कसलं प्रशिक्षण? पुस्तकात सगळं असतं, व्हिडिओ फुकट आहेत, आणि काम जेमतेम पाच तासांचं.’ शिक्षकांच्या पगाराचा विषय निघाला की असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्यातलं एकही विधान टिकत नाही.

पहिलं: ज्याला वजाबाकी येते त्याला ती शिकवता येते. ५२ मधून २७ वजा करा. दोन मुलांच्या पाटीवर एकच चुकीचं उत्तर आहे, ३५. एकाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: सातातून दोन, पाचातून दोन. दुसऱ्याने दशक सुटा केला, बारातून सात काढले, पण दशकाच्या घरातल्या पाचाचे चार करायला विसरला. पहिल्यापुढे काड्यांचे गठ्ठे ठेवून मुळापासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्याला कल्पना कळली आहे, एक पायरी सुटली आहे. दोघांनाही ‘चूक, पुन्हा कर’ म्हणणाऱ्याला वजाबाकी येते. शिकवणं येत नाही. चांगल्या बाई फुली मारण्याआधी विचारतात, ‘कसं केलंस, सांग बरं?’

विषय येणं वेगळं आणि तो शिकताना मूल कुठे अडतं हे ठाऊक असणं वेगळं, हा भेद अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच मांडला. मराठीत तर ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन. मग मूल ७२ लिहितं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’वरून २०१९ साली केवढा वाद झाला! बदल पटो न पटो, मुलांची अडचण खरी होती.

पुस्तक आणि व्हिडिओ हवेतच. पण व्हिडिओला समोरची पाटी दिसत नाही.

राहिले पाच तास. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास आहेत, तयारीचा वेळ धरून. चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेत दोघांकडे दोन-दोन इयत्ता असतात. तिथे ही तयारी किती लागत असेल!

‘काही शिक्षक शिकवतच नाहीत’ असं कोणी म्हणेल. खरं आहे, आणि त्याची झळ मुलांनाच बसते. भागाकाराच्या प्रत्येक पायरीवर वजाबाकी करावी लागते. ३५ लिहिणाऱ्या त्या पहिल्या मुलाला कोणीच काही विचारलं नाही, तर पुढच्या इयत्तेत तो तिथे अडतो आणि ‘गणितात कच्चा’ ठरतो.