'निवांत' बाईचं उत्तर : नाटक जायच्या आत बघण्याबद्दल

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की एखादं नाटक बघायचं मनात आलं की पुढच्या महिन्यावर ढकलू नका, कारण नाटक कधी थांबेल ते नाटकवाल्यांनाही धड माहीत नसतं. बस, एवढंच. त्यावर 'परखड वाचक' असं नाव घेऊन कुणीतरी लांबलचक कॉमेंट टाकलीय. खाली उत्तर द्यायला गेले तर ते आटपेना, म्हणून वेगळंच लिहितेय.

कॉमेंट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. त्यांचं म्हणणं असं की 'अखेरचे काही प्रयोग' ही निव्वळ जाहिरातबाजी असते, वर्षभराने तेच नाटक नव्या संचात परत येतं, नाटक चांगलं असेल तर ते टिकतंच, तिकिटं परवडत नाहीत, लहान गावात नाट्यगृहंच नाहीत, मी 'नटसम्राट'चं साल चुकीचं दिलंय, आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं : "तुमच्यासारख्या निवांत लोकांना शनिवार-रविवार नाटकं बघत फिरणं जमतं, नोकरी-संसार असलेल्यांना उगाच घाबरवू नका."

आधी चूक कबूल करते. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा, मी १९७१ लिहिलं होतं. चुकलं. दुरुस्त केलंय. चूक दाखवल्याबद्दल आभार, मनापासून. फक्त 'एवढंही माहीत नाही आणि नाटकावर लिहायला बसतात' हे शेपूट जोडलं नसतं तरी साल १९७०च राहिलं असतं.

आता 'निवांत'.

अहो, तुम्ही मला ओळखता का? मी चोवीस वर्षं नोकरी करतेय, अजूनही करतेय, मार्चमध्ये रात्री नऊच्या आत घरी आले तर घरचे विचारतात तब्येत बरी आहे ना म्हणून. घरात दोन मुलं, त्यातलं एक यंदा दहावीला, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि स्वयंपाकाच्या बाई कधी येणार नाहीत ते त्याच ठरवतात. मी नाटक बघते ते रविवारी दुपारी साडेबाराचं, म्हणजे सकाळी पोळ्या करून, डबे झाकून, तीन जणांना तीन सूचना देऊन, रिक्षात बसल्यावर केस विंचरत. पहिला अंक सुरू होईपर्यंत डोक्यात कुकरच्या शिट्ट्याच चालू असतात. ह्याला निवांत म्हणत असाल तर म्हणा बापडे. आणि खरं सांगू का, कुणा पुरुषाने हीच पोस्ट लिहिली असती तर त्याला तुम्ही 'रसिक' म्हणाला असतात, निवांत नसतं म्हटलं. तुम्ही स्त्री आहात की पुरुष मला माहीत नाही, नावावरून कळत नाही, तेव्हा हे चुकीचंही असेल, पण मला तसं वाटलं आणि मी ते लिहिलं.

आणि घाबरवणं म्हणाल तर मला ज्या गोष्टीने घाबरवलंय ती सांगते, मग ठरवा.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांच्या गावची, जिथे १८४३ साली मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक 'सीतास्वयंवर' झालं आणि आम्ही त्याचा अभिमान आजतागायत पुरवून पुरवून वापरतो. तर आमच्याकडे नाटक यायचं ते दौऱ्यावर. संध्याकाळी भावे नाट्यमंदिराच्या मागे सेटचा ट्रक लागायचा, रात्री प्रयोग, आणि सकाळी शाळेत जाताना बघावं तर ट्रक गायब. एक रात्र. त्या रात्री ताप आला, पाहुणे आले, बाबांना ऑफिसात उशीर झाला की संपलं, नाटक पुढच्या गावाला. त्यामुळे 'नंतर बघू' असं काही असतं हे मला पुण्यात आल्यावर कळलं, आणि मग मीही ते शिकले, चांगली शिकले. तर लहान गावातल्या प्रेक्षकाचं मला काय कळणार असं जे तुम्ही आडून सुचवलंय ते राहू द्या.

शिकले म्हणजे कशी, तर 'आरण्यक'. रत्नाकर मतकरींचं नाटक, मूळ १९७४ चं, महाभारताचं युद्ध संपल्यानंतरच्या म्हाताऱ्या माणसांचं. २०१८ साली ते परत आलं, आणि गंमत म्हणजे रवी पटवर्धनांचा धृतराष्ट्र नि दिलीप प्रभावळकरांचा विदुर, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी ह्याच भूमिका केल्या होत्या तेच दोघं, आता खरोखरच त्या वयाचे. असं किती वेळा होतं सांगा? मेकअपने म्हातारा झालेला धृतराष्ट्र एकीकडे, आणि स्वतःच ऐंशीला टेकलेला माणूस तीच वाक्यं परत म्हणतोय हे एकीकडे. मला सगळं माहीत होतं. पेपरातली जाहिरात कापून फ्रिजवर लावली होती. पहिल्यांदा ऑडिट आलं, दुसऱ्यांदा मुलीची परीक्षा, तिसऱ्यांदा तर काही कारणच नव्हतं, पाऊस होता, कंटाळा केला, म्हटलं होतील की अजून प्रयोग. मग मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मे महिन्यात मतकरी गेले, डिसेंबरात रवी पटवर्धन गेले. आता आणा ते 'नव्या संचात'.

तुमचा नव्या संचाचा मुद्दा चुकीचा नाहीये, येतात नाटकं परत, चांगली होतात, कधी पहिल्यापेक्षा बरी होतात. मच्छिंद्र कांबळी २००७ मध्ये गेले म्हणून त्यांनी गाजवलेलं 'वस्त्रहरण' काही विसरलं गेलं नाही, लक्ष्मण देशपांडे गेल्यानंतर त्यांचं एकपात्री 'वऱ्हाड निघालंय लंडनला' संदीप पाठकने उभं केलंच. पण संहिता परत येते हो, प्रयोग येत नाही. पुस्तक काय, मी घरी लोळत वाचू शकते.

आणि हे साल चुकण्याचं प्रकरण, आता निघालंच आहे तर सांगते, ते माझ्या बाबांचं आहे. बाबा १९७१ साली ट्रेनिंगला मुंबईत होते. डॉ. लागूंचा 'नटसम्राट' तेव्हा गाजत होता, खोलीवरचे मित्र बघून आले, बाबा म्हणाले पुढच्या पगाराला जाऊ. पुढच्या पगाराच्या आत बदलीची ऑर्डर आली. नंतर त्यांनी त्याच नाटकातला दत्ता भटांचा गणपतराव, म्हणजे लागूंचीच भूमिका, बघितला, आवडला पण, घरी येऊन संवाद म्हणून दाखवायचे. तरी कुणी नाटकाचा विषय काढला की "एकाहत्तर साली लागूंचं राहिलं" हे वाक्य यायचंच, शेवटपर्यंत यायचं. ते साल माझ्या डोक्यात असं बसलंय की पोस्ट लिहिताना तपासावं असंही वाटलं नाही. तेव्हा हे अज्ञान आहे ते वडिलोपार्जित आहे, आणि त्यावरून हसायचं असेल तर हसा.

'चांगलं असेल तर टिकतंच' ह्यावर मात्र मला खरंच दोन शब्द बोलायचेत, कारण हे वाक्य ऐकायला छान आहे नि नाटकधंद्याशी त्याचा संबंध कमी आहे. नाटक पडलं म्हणूनच बंद होतं असं नाही. चार कलाकारांपैकी एकाला मालिका मिळते, महिन्यातले पंचवीस दिवस शूटिंगला जातात, उरलेल्या दिवसांत शनिवार-रविवार बसला तर बसला. त्या शनिवार-रविवारी नाट्यगृहाची तारीख मिळायला हवी, कारण बुकिंग काय ते सुट्टीच्या दिवशी होतं आणि सगळ्यांना तीच तारीख हवी असते. तारीख मिळाली तर कलाकार नाही, कलाकार आहे तर तारीख नाही, दोन्ही आहे तर सेटवाला टेम्पो दुसरीकडे गुंतलेला. असे दोन-तीन महिने गेले की जाहिरातीतलं नाव आपोआप दिसेनासं होतं, त्याची बातमीही येत नाही. 'संगीत देवबाभळी' तर चांगलं चाललेलं असताना पाचशेव्या प्रयोगावर थांबवलं, २०२३ च्या नोव्हेंबरात. १९९४ ला चंद्रकांत कुलकर्णींनी एलकुंचवारांची वाडा त्रयी, म्हणजे एकाच घराण्यावरची तीन नाटकं, एका दिवसात सलग केली, नऊएक तासांचा मामला, तिचे प्रयोग मोजकेच झाले. ते काय नाटक वाईट होतं म्हणून? आणि दुसऱ्या टोकाला 'सही रे सही' २००२ पासून चालूच आहे, तेव्हा टिकणं हा चांगुलपणाचा दाखला मानायचा तर मग सरळ प्रयोगांचे आकडे मोजून वाङ्मयाचा इतिहास लिहूया.

कधीकधी तर नाटकाचं सोडा, जागाच जाते. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माझी मावशी कोल्हापूरची, तिने फोनवर नुसतं "अगं गेलं" म्हटलं, मला आधी वाटलं माणूस गेलं.

तिकिटांचं म्हणाल तर हो, महाग आहेत. मागे बाल्कनीत बसा. मी बसते.

'अखेरचे प्रयोग' ही जाहिरात असते, हेही कधीकधी खरं. मी स्वतः एका नाटकाचा 'शेवटचा' प्रयोग बघितला आणि दोन महिन्यांनी त्याच नाटकाची 'लोकाग्रहास्तव' जाहिरात वाचून पेपर आपटला. पण मग तोटा काय झाला माझा? नाटक बघून झालं होतं. उलट्या बाजूने फसले असते तर काय हातात राहिलं असतं ते वर लिहिलंय, फ्रिजवरचं कात्रण.

माझ्या पोस्टमध्ये मी 'धावत जा' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, ते तुम्ही अवतरणचिन्हात टाकून माझ्या तोंडी घातलंत. मी लिहिलं होतं की पन्नासएक प्रयोगांच्या आसपास बघावं, तोवर नट मंडळी रुळलेली असतात आणि अजून कंटाळलेली नसतात. ह्यावर वाद घालता आला असता, खरं तर मला तो आवडला असता, कारण माझी एक मैत्रीण शपथेवर सांगते की तिसरा-चौथा प्रयोगच खरा, चुकतमाकत चाललेला. पण तुम्हाला माझं वेळापत्रक जास्त इंटरेस्टिंग वाटलं.

असो. टोन माझाही चढलाय, कळतंय मला, दोनदा खोडून पुन्हा लिहिलं तरी चढतोच आहे. यापुढे नाव लावून लिहिलंत तर बरं, 'परखड वाचक' ह्या माणसाला अहोजाहो करताना भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. आता थांबते, रविवारच्या साडेबाराच्या प्रयोगाचं बुकिंग उघडलं असेल आणि मला बाल्कनीची पहिली रांग हवीय.