जर्मलचं व्हिएतनामी भांडं

आमचा मेव्हणा खतांचा डीलर आहे. गेल्या वर्षी त्याचं टार्गेट पुरं झालं आणि कंपनीनं त्याला चाळीसेक डीलरांसोबत पाच दिवस व्हिएतनामला फिरवून आणलं. परत आल्यावर पंधरा दिवस हा माणूस हजाराच्या खाली बोलत नव्हता. तिकडं पाच लाख डोंगची एक नोट असते. त्यामुळं ‘पाण्याची बाटली दहा हजाराला घेतली’ हे वाक्य त्यानं कोल्हापुरात शाहूपुरीपासून फुलेवाडीपर्यंत सगळ्या नातेवाइकांत वाटलं. आमच्या वाट्याला ते वाक्य आणि वर अर्धा किलो कॉफी आली.

“दाजी, असली कॉफी तुम्ही जन्मात प्याला नसणार.”

पाकीट फोडलं तर आत पूड नव्हतीच. अख्ख्या बिया. काळ्याकुट्ट, तेलकट, आणि लोणी कढवताना येतो तसला वास.

“ही गाळायची कशातनं?” मी विचारलं.

“गाळणं असतंयच की घरात!”

त्याच्या ह्या एका वाक्यानं माझे पुढचे अडीच महिने खाल्ले.

पाकिटावर चित्र होतं. काचेच्या ग्लासवर धातूची एक टोपी बसलेली आणि तिच्याखाली एक काळा थेंब लोंबतोय. त्या टोपीला फिन म्हणतात. आपल्याकडं 1857 चा उठाव चालू होता त्याच साली फ्रेंच मिशनऱ्यांनी व्हिएतनामात कॉफी नेली असं मानतात. फ्रेंचांच्या ‘फिल्त्र’चं तिथल्या जिभेवर ‘फिन’ झालं, जसं आपल्याकडं वॉशरचं वायसर झालं. फिनचे तुकडे चारच. ग्लासवर टेकणारी भोकाची बशी, तिच्यावरचा भोकाच्या बुडाचा पेला, पेल्यातली पूड दाबायला आणखी एक भोकाची चकती, आणि झाकण. एवढ्यात निवडण्यासारखं काय असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

बायकोला तर निवडायचा प्रश्नच पडला नाही. “माळ्यावर हुबळीच्या मावशीचा पितळी फिल्टर पडलाय. तो काढा.”

मी तिला फरक समजावून सांगितला. तुमच्या मावशीचा फिल्टर दुमजली. वरच्या मजल्यावर पूड, खालच्या मजल्यावर डिकॉक्शन, मग ते दुधात घालायचं. ह्याला खालचा मजलाच नाही, हा थेट ग्लासवर बसतो आणि चार-पाच मिनिटांत मोकळा होतो.

“म्हणजे वर पाणी ओतायचं, भोकं आहेत, खाली कॉफी पडते.”

“हो.”

“मग मावशीचा काय वेगळं करतो?”

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, त्यामुळं मी चिडलो आणि मोबाइलवर पहिला फिन मागवला.

तिथं मापं औंसात होती. औंस मी आयुष्यात फक्त लहानपणी दवाखान्यात बघितला होता. कंपाउंडर लाल औषधाच्या बाटलीला कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवायचा, तेवढाच संबंध. चार औंस हा आकडा मला भरघोस वाटला. खोकं आलं तेव्हा आत दिवाळीतल्या भातुकलीतून सुटून आल्यासारखी एक वस्तू निघाली. चार औंस म्हणजे साधारण 118 मिलिलिटर, आणि तेही काठोकाठ; पूड आणि चकती जागा खातात ती वेगळीच. पाहुण्यांना कॉफी द्यायची तर त्यांना टोकन देऊन एकेक आत सोडावं लागलं असतं.

आईनं तो पेला उचलला, नखानं टिचकी मारली.

“जर्मल आहे हे.”

“आई, व्हिएतनामी आहे.”

“असू दे. जर्मल आहे.”

ॲल्युमिनियमला आमच्या घरात जर्मल म्हणतात आणि त्याची जागा ठरलेली आहे: न्हाणीघर. अंघोळीचं पाणी तापवण्यापलीकडं त्याला बढती नाही. व्हिएतनामात टपरीपासून घरापर्यंत हेच हलकं ॲल्युमिनियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पटकन तापतं, स्वस्त पडतं, हे मी सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, “कॉफी आंबट असते का? जर्मलमध्ये आंबट ठेवत नाहीत.” कॉफीतल्या आम्लांवर मी आदल्याच रात्री दीड तास वाचलं होतं. गप्प बसलो.

हा फिन आट्याचा होता. म्हणजे पेल्याच्या मधोमध एक खुंटी, तिला आटे, आणि चकती त्यावर फिरवून बसवायची. आता आट्याची वस्तू कोल्हापुरी माणसाच्या हातात दिल्यावर काय होतं ते सांगायला नको. नळाचा वायसर असो की ट्रॅक्टरचा नट, शेवटचा अर्धा फेरा दातओठ खाऊन दिल्याशिवाय आपल्याला झोप लागत नाही. बिया मी मिक्सरला लावून पिठासारख्या दळल्या होत्या. त्या भरल्या, चकती आवळली, उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. सगळं घर त्या ग्लासभोवती जमलं, उन्हाळ्यात नळाला पाणी यायच्या वेळी जमतं तसं. विसाव्या मिनिटाला खाली एक थेंब दिसला, जरा लोंबला आणि आमच्याकडं बघून परत आत गेला. भिजल्यावर कॉफी फुगते आणि तिला फुगायला जागा लागते, ही गोष्ट मला नंतर कळली. त्या क्षणी मी चमच्यानं चकती उलटी फिरवायला गेलो. बोट भाजलं, चकती उसळली आणि गरम चिखल भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेला. त्या महिन्याची संकष्टी अजून तपकिरी आहे.

दुसरा फिन डोळ्यांनी बघून घ्यायचा ठरवून महाद्वार रोडजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे सगळं वर्णन ऐकलं, आत गेला आणि सोऱ्याच्या शेवेची चकती घेऊन आला. मी नाही म्हटल्यावर पुरणयंत्राची जाळी आणली. त्यावरही नाही म्हटल्यावर “तुम्हाला नक्की काय पाडायचंय?” असं त्यानं विचारलं. कॉफी, असं सांगायचं धाडस झालं नाही. मोदकाचा साचा घेऊन घरी आलो.

दुसरा फिनही मग मोबाइलवरूनच आला. स्टीलचा, सहा औंसी, बिनआट्याचा. चकती नुसती पुडीवर ठेवून द्यायची, स्वतःच्या वजनानं बसते. आवळायची सोयच नाही, म्हणजे माझ्यापासून सुरक्षित. पहिल्या अनुभवानं शहाणा होऊन ह्या वेळी मिक्सर दोनच झटके फिरवला. पाणी ओतलं आणि झाकण घ्यायला वळलो, तोवर खाली ग्लास भरलेला. रंग म्हणाल तर वळवाच्या पावसानंतरच्या पंचगंगेचा.

दोन्ही फिन पिशवीत घालून मी उद्यमनगर गाठलं. तिथं माझ्या वर्गमित्राचं लेथ मशीनचं शेड आहे. इंजिनाचे सुटे भाग ज्या गावात घडतात, तिथं दोन भोकं दुरुस्त होणार नाहीत का, असा माझा हिशेब. त्यानं हात पुसले, व्हर्नियर काढला, भोकं मोजली, पेला उजेडात धरून फिरवला.

“भोकं बारीक करून मिळत न्हाईत, मर्दा. म्हणशील तेवढी मोठी करून देतो.”

“स्टील तरी चांगलं आहे का? चुंबक चिकटत नाही, बघितलंय मी.”

“चुंबक न्हाई चिकटलं म्हंजे 304 नंबरचं चांगलं स्टील असं कुणी सांगटलं? 202 नंबरच्या हलक्या स्टीलला पण चिकटत न्हाई. आणि चांगल्या 304 ची वाटी प्रेसमधनं काढली की काठाला जरा जरा चिकटतंय.” माझ्या चेहऱ्याकडं बघून त्याला दया आली असावी. “ह्यात काय घालालाईस ते दाव.”

मी दोन पुड्या काढल्या. त्यानं पहिली चिमटीत चोळली.

“हा मैदा हाय.” दुसरी चोळली. “हा भरडा.” मग दोन्ही पुड्या माझ्या हातात परत ठेवल्या. “तुला रवा पायजे. जाड रवा. भांड्यांत काय खोट न्हाई.”

अडीच महिने मी औंस, आटे, धातू आणि भोकं ह्यांत घालवले होते, आणि ह्या माणसानं आयुष्यात एकदाही कॉफी न गाळता दोन चिमटीत निकाल दिला. वर त्यानं दुसऱ्या फिनच्या भोकांत राहिलेली बर, म्हणजे काठाची धातूची खरखर, मोठ्या ड्रिल बिटानं हातानंच फिरवून काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मला पाजावा लागला. सगळ्या शेडला.

खोट भांड्यांत नाही हे कळल्यावर खरं तर तिसरा फिन घ्यायचं कारण नव्हतं. पण त्या दोघांसमोर मी कुठल्या तोंडानं जाणार होतो? स्टीलचा, सहा औंसी, आट्याचा असा तिसरा घेतला, आणि बायकोला तो दुसराच आहे असं सांगितलं. तिनं ओट्यावर तिन्ही ओळीनं मांडून दाखवले.

आता जमतं. जाड रव्याएवढी पूड, तीन चमचे. चकती हलक्या हातानं, टेकेल इतकीच. आधी घोटभर गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं, पुडीला फुगू द्यायचं, मग पेला भरायचा. थेंब सुटा पडायला हवा. धार लागली तर बिघडलं आणि थांबला तरी बिघडलं. पहिल्यांदा तसा पडला तेव्हा आई लांबून बघून म्हणाली, “अभिषेकपात्र आहे की हे.” त्या दिवसापासून तिनं जर्मलचा विषय काढलेला नाही. झाकण उलटं ठेवून रिकामा फिन त्यावर ठेवायचा, म्हणजे मागाहून टिपकणारी कॉफी त्यात राहते, हेही कळलं. फक्त टेबलक्लॉथवर ऑलिंपिकची पाचही कडी उमटून झाल्यावर कळलं.

दुधाचं प्रकरण मात्र माझ्या अंगाशी आलं. ह्या कॉफीत डब्यातलं गोड कंडेन्स्ड मिल्क घालतात, ग्लासच्या तळाशी बोटभर, आणि थेंब त्यावर पडत राहतात. फ्रेंच अमलात तिकडं ताजं दूध मिळणं मुश्कील, डब्यातलं टिकायचं, म्हणून ती पद्धत पडली. हे मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर सांगायची चूक केली. संध्याकाळची वेळ, समोर म्हैस उभी, तिची धार काढून फेसाळता ग्लास हातात देण्याचं काम चाललेलं. शेजारच्या पैलवान गड्यानं ग्लास खाली घेतला आणि विचारलं, “डब्यातलं? कोल्हापुरात?” म्हशीनंसुद्धा मान वळवली.

घरी आईनं डबा उघडून चाटून बघितला. “आटवलेलंच आहे ना? मग विकत कशाला?” पुढच्या रविवारी नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलो होतो, येताना बासुंदी आणली होती, तीच ग्लासात घातली गेली. काय सांगू! कडू काळी कॉफी आणि खाली वाडीची बासुंदी. व्हिएतनामची माणसं माफ करोत, त्यांना आपल्यासारखी दुभती म्हैस मिळाली असती तर त्यांनीही हेच केलं असतं.

एवढ्या आनंदात मी संध्याकाळी सातला दोन ग्लास प्यालो. व्हिएतनामात पिकते ती बहुतेक सगळी रोबस्टा, आणि तिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं. हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि रात्री दोन वाजता माळा आवरणं वेगळं. पावणेचारला मी रंकाळ्यावर होतो. रोज साडेचारला येणारे एक निवृत्त मास्तर मला बघून म्हणाले, “आज लवकर?” “नाही,” मी म्हटलं, “कालचाच आहे.”

माळा आवरला त्यात हुबळीच्या मावशीचा पितळी फिल्टर सापडला. बायकोनं तो चिंच लावून लखलखीत केला आणि तिन्ही फिनच्या शेजारी मांडला. ती काही बोलली नाही. मेव्हण्याच्या बिया प्रयोगांतच संपल्या होत्या. मग मावशीनंच हुबळीहून कोडगूची रोबस्टा पाठवली, बिनचिकोरीची. म्हणजे बिया कोडगूच्या, दूध वाडीचं, भोकांना हात उद्यमनगरचा. व्हिएतनामी काय उरलं, असं बायको विचारते. थांबणं, असं मी सांगतो. ती त्याला आळस म्हणते.

परवा मेव्हणा आला. मी सगळा सरंजाम मांडला. बासुंदी, पूड, अर्धा मिनिट, पाणी, झाकण. थेंब मोत्यासारखा सुटा पडत होता. इतक्या दिवसांनी ह्या विषयातला जाणकार माणूस समोर बसलेला.

“तिकडं एवढीच दाट देत होते का रे?” मी विचारलं.

“कुणाला म्हाईत.”

“म्हणजे?”

“आमच्यासंगं ट्रिपला महाराज नेलता न्हवं. सकाळी पोहे नायतर उप्पीट, आणि दोन टाइम आल्याचा चहा. सांगलीचा माणूस, पण चहा लई भारी. कॉफी येताना विमानतळावर घेतली, डोंग उरलं होतं म्हणून.”

मी ग्लासाकडं बघत राहिलो. अर्धा भरला होता.

“दाजी, ही व्हायला वेळ आहे काय अजून?”

“दोनच मिनिटं.”

“मग तोवर जरा चहा टाका की.”

आई आधीच उठली होती.