वाडीतली पत्र्याची शाळा

गेल्या आठवड्यात गावाकडच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आपल्या शाळेचा पट आता किती? उत्तर आलं, नऊ. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे, म्हणून लिहितोय.

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. जुनी शाळा मातीच्या भिंतींची होती, ती ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात बसली. आम्ही शिकलो ते नंतर उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोलीत. एकच खोली, चार इयत्ता, एक गुरुजी. दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी मुली जमीन सारवायच्या आणि आम्ही पोरं कोळसा कुटून, पाल्याच्या रसात खलून फळा काळा करायचो. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. आषाढात आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की पत्र्याखाली शेजारच्याचंही ऐकू येत नाही. मग गुरुजी बोलणं सोडून द्यायचे आणि फळ्यावर लिहायचे, आम्ही पाटीवर उतरवायचो. पोत्याच्या खोळी दाराशी टांगलेल्या असायच्या. त्यांच्या पाण्याचा ओघळ पहिलीच्या रांगेपर्यंत यायचा आणि आम्ही पाट्या उचलून मांडीवर घ्यायचो.

१९७९ साली मी पहिलीत होतो आणि माझी आक्का चौथीत. गुरुजी जुन्या वळणाचे, चौथीकडून अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी करत औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, म्हणून घ्यायचे. आक्का न अडखळता म्हणायची. मला शंभरपर्यंत धड मोजता येत नव्हतं, पण तिची औटकी कानावर पडून पडून पाठ झाली होती. चार वर्ग एका खोलीत असले की असं होतं. पहिलीतलं पोर चौथीचं ऐकत बसतं आणि चौथीतली पोरगी पहिलीच्या पोराचा हात धरून अ गिरवून घेते. आज याला मोठमोठी नावं आहेत.

सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. गुरुजी रजेवर गेले की शाळा बंद. छडीचे वळ दोन दोन दिवस राहायचे. एका माणसावर चार वर्ग टाकणं हा त्या माणसावरही अन्याय होता. प्रत्येक शाळेला किमान दोन शिक्षक आणि दोन खोल्या हव्यात, हे सरकारी धोरणात १९८७ च्या खडू-फळा योजनेत आलं. तोवर आमची चौथी कधीच संपली होती.

पण ते गुरुजी वाडीतच राहायचे. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईत गिरणीत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, मनिऑर्डरी थांबल्या, पत्रं मात्र येत राहिली. संध्याकाळी बायका पदराखाली पत्र घेऊन शाळेच्या पायरीशी यायच्या. गुरुजी एकेकीला बाजूला बसवून हळू आवाजात वाचून दाखवायचे, उत्तर लिहून द्यायचे. ती खोली त्या काळात सगळ्या वाडीची होती.

आक्का चौथी पास झाली आणि तिथेच थांबली. पाचवी ओढ्यापलीकडच्या गावात, पावसाळ्यात ओढ्याला उतार नसायचा. "पोरीला कशाला एवढ्या लांब," एवढंच बोलणं झालं घरात. तीन वर्षांनी माझी वेळ आली तेव्हा मला पाटणला मामाकडे ठेवलं. तिला कुणी ठेवलं नव्हतं. माझं सगळं शिक्षण या एका फरकावर उभं आहे आणि ते मला विसरता येत नाही.

म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त निघाल्या. अशा समूह शाळांची म्हणून पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. मोठी इमारत, खेळाचं मैदान, बरोबरीची भरपूर मुलं, हे सगळं पोरांना मिळावं असं मलाही वाटतं. पण वाड्यावाड्यांतून पोरांना तिथं ने-आण करणाऱ्या गाडीचं काय? दरड कोसळली, डिझेलचं बिल थकलं, ड्रायव्हर आला नाही, की त्या दिवशी सहा वर्षांचं पोर कसं जाणार? आणि दोन-तीनदा गाडी चुकली की घरात पहिल्यांदा कुणाची शाळा थांबते, हे मी माझ्या घरात पाहिलंय. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्काच्या नियमांत उगाच लिहिलेलं नाही. लहान शाळा महाग पडते हे कबूल. पण तो खर्च वाडीवर राहणाऱ्या माणसाचा हक्क आहे, कुणी केलेले उपकार नाहीत.

माझं गावाकडच्या प्रत्येकाला कळकळीचं सांगणं आहे. ग्रामसभेत बसा, शाळेसाठी ठराव घ्या, शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते बघा. मुंबई-पुण्यात बसून नुसते फोटो टाकू नका.

आक्का शेजारच्याच वाडीत दिली. तिची नात या जूनमध्ये पहिलीत गेली, तिथला पट अकरा. आक्का रोज तिला सोडायला जाते आणि शाळा सुटेपर्यंत पारावर बसून राहते. घरी का जात नाहीस, म्हणून मी फोनवर विचारलं. म्हणाली, "आतलं सगळं ऐकू येतं रे इथं."