चिठ्ठी नव्हे, गाणे

जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडच्या ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ या १९८०च्या सिंगलविषयी, म्हणजे एका मुख्य गाण्याच्या छोट्या तबकडीविषयी, एक विधान सतत पुढे पाठवले जाते. हे गाणे म्हणजे गायक इयन कर्टिसने मागे ठेवलेली निरोपाची चिठ्ठी आहे, त्याच्या आत्महत्येमुळेच ते गाजले, त्यात उदासीखेरीज काही नाही आणि मागच्या बाजूचे ‘दीज डेज’ हे निव्वळ भरताड आहे, असे त्याचे चार भाग. त्यांपैकी एकात थोडे तथ्य आहे; बाकीच्यांत तेवढेही नाही.

चिठ्ठीचा मुद्दा तारखांपुढेच टिकत नाही. कर्टिसचा मृत्यू १८ मे १९८० रोजी झाला, तर हे गाणे बँडने नोव्हेंबर १९७९ मध्येच बीबीसीवरच्या जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रित केले होते आणि ते डिसेंबरात प्रसारितही झाले होते. शिवाय शब्दांत मृत्यू नाही. आहे ते एकाच खोलीत राहून एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या दोघांचे आटत गेलेले सहजीवन. कर्टिसच्या स्मृतिशिलेवर याच गाण्याचे शीर्षक कोरलेले आहे, त्यामुळे गैरसमजाला खतपाणी मिळाले असावे. पण शिळा नंतरची आहे, गाणे आधीचे.

प्रसिद्धीबाबत मात्र थोडी कबुली द्यायला हवी. फॅक्टरी रेकॉर्ड्सने ही तबकडी जूनमध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, बाजारात आणली आणि ती ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत गेली, यात त्या बातमीचा काहीच वाटा नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तथापि १९८३ मध्ये तीच तबकडी पुन्हा निघून १९व्या क्रमांकावर पोहोचली, आणि २००२ मध्ये एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने तिला आजवरची सर्वोत्तम सिंगल ठरवले. बावीस वर्षे शिळी झालेली बातमी कोणाला तबकडी ऐकायला लावत नाही.

‘केवळ उदासी’ हा आक्षेप घेणारे शब्द वाचत असावेत, ऐकत नसावेत. बँडमधला पीटर हूक बेस गिटार नेहमीच्या खर्जात न ठेवता वरच्या पट्टीत नेतो आणि तिच्यावर चक्क सुरावट वाजवतो. तीच सुरावट त्याचा साथीदार बर्नार्ड सम्नरचा सिंथेसायझर उचलतो, आणि तिचा सूर रडका नाही, उजळ आहे. खाली बँडचा ड्रमवादक स्टीफन मॉरिसचे ड्रम्स नाचावेसे वाटेल अशा द्रुत लयीत धावतात. या धावपळीवर कर्टिस मात्र खालच्या पट्टीत, जवळजवळ निर्विकारपणे, संसार मोडत असल्याचे सांगतो. गाण्याचे बळ या विसंगतीत आहे. संगीतही शब्दांइतकेच खचलेले असते, तर ते दुसऱ्यांदा ऐकवले नसते. आणि हा परिणाम दुःखाच्या भरात आपोआप साधलेला नाही. जानेवारी १९८० मध्ये ओल्डहॅमच्या पेनाइन स्टुडिओत केलेले मुद्रण बाजूला ठेवून मार्चमध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ते नव्याने करण्यात आले. त्या वेळी घरी जाऊन झोपलेल्या मॉरिसला निर्माता मार्टिन हॅनेटने पहाटे चार वाजता स्नेअर ड्रम पुन्हा वाजवण्यासाठी बोलावून घेतले होते. हे गाणे कानावर पडले की आपण अजूनही दात-ओठ खातो, असे मॉरिसने सांगितले आहे.

राहिली मागची बाजू. ‘दीज डेज’ पेनाइनमधल्या त्याच जानेवारीच्या मुद्रणातले आहे. पुढच्या बाजूवर जो गोडवा आहे तो इथे जाणूनबुजून नाकारलेला दिसतो. गिटार कोरडी आहे, ड्रम्स एकसुरी रेटा धरून पुढे ढकलत राहतात आणि कर्टिसचा आवाज समजावण्याऐवजी हिशेब मागू लागतो. मला तर हे गाणे पहिल्याचेच उत्तर वाटते: तिथे नाते तुटताना दिसते, इथे ते तुटल्यावर दिवस कसे काढायचे हा प्रश्न उरतो. आणि या भरताड म्हटल्या गेलेल्या बाजूवर, ‘दीज डेज’ संपल्यावर, बाजूला ठेवलेले ते पेनाइनचे मुद्रणही ऐकू येते: तेच शब्द, पण अधिक खडबडीत.